दात झाका, बायांनो

“दात झाका वो बायांनो, आता रगत निंगते.”

एवढं म्हणायची, उजव्या हाताचं पहिलं बोट जिभेवर टेकवायची आणि पान उलटायची. विडी कारखान्याच्या त्या लांबट कौलारू छपरीत मग असा सन्नाटा पसरायचा की कात्रीनं तेंदूपत्ता कापल्याचा आवाज तेवढा उरायचा. ‘दात झाका’ म्हणजे खिदळणं बंद करा. हे म्हणताना तिचे स्वतःचे दात मात्र उघडेच असायचे. ते झाकले जातील अशी सोय देवानं केलीच नव्हती.

तिचे वरचे समोरचे दात चांगले पुढं आलेले. तोंड मिटलं तरी त्यातले दोन खालच्या ओठावर येऊन बसायचे, रिकामटेकडे म्हातारे ओट्यावर बसतात तसे. गावानं तिला ‘दाताडी’ हे नाव ठेवलं होतं. खरं नाव मी इथं लिहीत नाही. गावात तरी ते कुणाला ठाऊक होतं?

मी त्या कारखान्यात मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे फार मोठी असामी नव्हे. बायांनी वळून आणलेल्या विड्या हातात घ्यायच्या, चांगल्या ठेवायच्या, वाईट छाटायच्या. ढिली, फाटकी, पोट फुगलेली, तोंड नीट न मोडलेली अशी विडी बाजूला टाकायची. हे काम काही वर्षं केलं की माणसाला खोड लागते, तो माणसंही छाटायला लागतो. अड्याळ आणि कोंढ्याच्या मधलं ते गाव. त्याचं नाव विचारू नका, तिथली पुष्कळ माणसं अजून हयात आहेत आणि माझी सोयरीक त्याच भागातली आहे. काळ म्हणाल तर आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील.

तिची विडी मी पहिल्या दिवशी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. एखाद्यानं ती ओढली असती तर त्याची विडी जन्मात सुटली असती. मी म्हटलं, “बाई, ही विडी आहे की मुडदा बांधलाय?”

ती म्हणाली, “मुन्शीजी, मुडदा बांधता आला असता त सासरीच नसतो का राह्यलो?”

सगळी छपरी फिदीफिदी हसली. तिच्या सासरची गोष्ट गावभर माहीत होती, आणि ती सांगायची हौस तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला नव्हती. मुलगी बघायला पाहुणे आले तेव्हा भावानं तिला बजावलं होतं की काही झालं तरी तोंडावरचा पदर सोडायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. नाव विचारलं तर नाव भावानं सांगितलं. शिक्षण विचारलं तर सातवी पास हेही भावानंच सांगितलं. पाहुणे खूश झाले, म्हणाले, पोरगी भारी लाजाळू आहे. लग्न लागलं, आणि मग केव्हा तरी तिला जेवावं लागलंच. पाच-सहा महिन्यांत नवऱ्यानं परत आणून सोडलं.

“माया नवरा म्हने, तू झोपेत चावशीन,” ती सांगायची. “म्या म्हनलं, चावाले तुया आंगावर मास त चढू दे पयले.”

तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. घरात भाऊ, वहिनी आणि त्यांचा अडीच-तीन वर्षांचा मुलगा. वहिनी वाईट बाई होती असं मी म्हणणार नाही. परत आलेली नणंद जन्मभर सांभाळायची म्हटल्यावर कुठलीही बाई जशी होईल तशी ती होती. नाकात बोलायची, एवढंच.

वाचण्याचा प्रकार कसा सुरू झाला ते सांगतो. विडीत भरायचा जर्दा ज्या कागदात बांधून यायचा तो कागद ती सोडवायची आणि त्याच्यावर जे छापलेलं असेल ते वाचून दाखवायची. कुणाची निविदा, कुणाचं दुःखद निधन, खताची जाहिरात. पण वाचायची अशी की खताच्या जाहिरातीलाही बाया तोंडावर हात ठेवायच्या. मग एक दिवस अड्याळच्या बाजारात फुटाणेवाल्याच्या रद्दीत तिला ते पुस्तक सापडलं. फुटाणेवाल्यानं वरचा कोपरा पुडीसाठी फाडला होता, त्यात पुस्तकाचं नाव गेलं. उरलेल्या चित्रात काळ्या कोटातला एक गोरापान पोरगा होता, त्याच्या ओठांतून दोन सुळे बाहेर आलेले, आणि त्याला बिलगून केस उडत असलेली एक पोरगी.

“त्याचे दात पाह्यले,” ती म्हणाली, “अन् वाटलं, हा त आपल्याच सोयऱ्यातला दिसते.”

आता थोडक्यात त्या पुस्तकाविषयी. थंड हवेच्या एका गावात कॉलेज असतं. तिथं शिकणारी एक पोरगी जन्मानं जादूवाली असते, तिची आई आणि आजीही तशाच. वर्गात एक नवा पोरगा येतो. तो डबा खात नाही, आरशात दिसत नाही, आणि दोनशे वर्षांपासून अठरा वर्षांचाच आहे, कारण तो रक्त पिऊन जगतो. दोघांचं प्रेम जमतं. पण त्यानं तिला चावलं तर ती मरणार आणि तिनं मंत्र म्हटला तर त्याची राख होणार. सगळी गोष्ट त्या पोरीच्या तोंडची आहे. मी असं केलं, मी तसं केलं, अशी. एवढं ध्यानात ठेवा.

बायांचं त्या पुस्तकावर जे भाष्य चालायचं ते मी छाटणीच्या पाटावर बसून ऐकायचो.

“दोनशे वरसाचा बुढा अन् कालेजात जाते? शरम नाई का त्याले?”

“आरशात दिसत नाई म्हन्ते, त भांग कसा पाडते वो?”

“रगत पेते त पेते बापा, दारू त नाई पेत ना?” असं एकजण म्हणाली, आणि बऱ्याच जणींनी मान हलवली. रक्त पिणारा नवरा चालेल असं त्या छपरीत बहुमतानं ठरल्यासारखं झालं.

सगळ्यात म्हातारी जी होती तिला सगळे बुढीमाय म्हणत. तिला फक्त एकच प्रश्न होता, तो ती रोज विचारायची, “लगन होते का नाई त्यायचं, एवढं सांग.” आणि ही दाताडी, जिनं घरी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढलं होतं, ती म्हणायची, “ऐकत राय, मराच्या आंधी सांगतो.” बुढीमायचं मरण गृहीत धरून अशी थट्टा चालायची.

दुष्ट होती ती वाचताना. पोरगा पोरीच्या मानेपर्यंत ओठ आणायचा आणि ही पुस्तक मिटायची, म्हणायची तहान लागली. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की वाचणं मुद्दाम संथ करायची. तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या बाया आपापल्या कट्ट्यांतून, बांधलेल्या जुड्यांतून, भरून द्यायच्या, म्हणजे तिला पत्ता-जर्द्याचं सुपडं बाजूला ठेवून वाचता यावं. सट्टेदाराला, म्हणजे पत्ता आणि तंबाखू देऊन आमच्याकडून माल करून घेणाऱ्या ठेकेदाराला, हे कळलं असतं तर त्यानं सगळ्यांना हाकललं असतं. मला कळत होतंच. प्रत्येक बाईच्या हाताची मोड वेगळी असते. पण मलाही त्या पोराचं लग्न होतं की नाही ते ऐकायचं होतं.

तिची खरी करामत अशी की ती छापल्याप्रमाणे कधी वाचायची नाही. पुस्तकातली ‘मी’ तिच्या तोंडी ‘म्या’ होऊन यायची. कॉलेजचा कारखाना व्हायचा, कॉफीचा चहा. हवेली सरळ आमच्या तलावाच्या पाळीमागच्या पडक्या गढीत यायची, तिथं संध्याकाळी गुरं शोधायला जायलाही मग बाया कचरायला लागल्या. पुस्तकात त्या पोरीवर जळणारी एक शत्रू पोरगी होती, तिला हिनं आपल्या वहिनीचा आवाज दिला. नाकातला. छपरी हसून हसून लोळायची. हे बाहेर जायला किती वेळ लागणार? वहिनी विहिरीवर गेली की बाया नाकात बोलायच्या आणि एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. वहिनीला पुस्तकाचं काही माहीत नव्हतं. आपली नणंद कारखान्यात आपल्यावर काहीतरी रचून सांगते, एवढं तिला कळलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

तो भाचा मात्र तिचा जीव होता. कितीतरी दिवस त्याला काखेला मारून कारखान्यात आणायची. ती वाचत असली की तो तिच्या मांडीवर पडून वर बघायचा आणि बोटानं तिचे दात मोजायचा. ती बोटाला चावल्यासारखं करायची. पोरगं खदखदून हसायचं आणि पुन्हा बोट घालायचं. तिच्या दातांना भीत नसलेलं आणि हसतही नसलेलं, नुसतं त्यांच्याशी खेळणारं, असं ते गावातलं एकच माणूस होतं.

धान पोटरीला आलं होतं त्या दिवसांत गावात तापाची साथ आली. पोरगंही तापलं. एक-दोन दिवस ती कारखान्यात आलीच नाही, त्याच्याजवळ बसून राहिली. मग ताप उतरल्यासारखा झाला आणि वहिनीच म्हणाली, जा कामाले, घरी बसून का करतेस. ती आली. बाया वाट पाहून कंटाळल्या होत्या. त्यांनी तिला सुपडं हातात घेऊच दिलं नाही. कट्टे बांधायचा दोरा तेवढा हाती घेऊन ती वाचायला बसली.

पुस्तकात तेव्हा फार अवघड जागा आली होती. त्या शत्रू पोरीचा लहान भाऊ असतो. जादूवाली रागाच्या भरात त्याचा श्वास एका दोऱ्यात बांधून टाकते, सात गाठी मारून, आणि मग रडत आपल्या आईपुढं कबूल करते. आमची बाई रडत होती. हातातल्या दोऱ्याला गाठी मारत होती.

“म्याच बांधला माय त्या लेकराचा सास,” ती म्हणत होती. “सात गाठी मारल्या दोऱ्याले. आता गाठ सुटन तवाच त्याचा सास येईन.”

दारात वहिनी उभी होती. पोराला झटके यायला लागले होते, त्याला अड्याळला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून ती नणंदेला बोलवायला धावत आली होती. तिनं तो दोरा पाहिला, ते शब्द ऐकले, आणि माघारी पळाली. पुस्तक मांडीवर होतं, दारातून ते दिसत नव्हतं.

पोरगं अड्याळला पोचलंच नाही. बैलगाडीतच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं. वहिनी रडून रडून आवाज गेलेली. नाकातला आवाजही उरला नव्हता. तिनं जे ऐकलं ते तिनं सांगितलं, आणि शब्दाचाही फरक केला नाही. ही स्वतःच्या तोंडानं म्हणत होती, म्याच बांधला त्याचा सास. हातात दोरा होता. कारखान्यातल्या सगळ्या बायांनी ऐकलंय, त्यांना पुसा.

गावानं बायांकडं पाहिलं. बायांनी जमिनीकडं पाहिलं. तोंड उघडलं असतं तर वाचन बाहेर येणार, वाचन आलं की विड्या भरून दिल्याचं येणार, आणि सट्टेदार समोरच उभा होता. पण एवढंच कारण नव्हतं, खोटं कशाला बोलू. त्या बायांनी महिना-दोन महिने रोज तिच्या तोंडून ऐकलं होतं की म्या जादूवाली, म्या मंत्र टाकला. पुस्तक आहे हे त्यांना कळत होतं, आणि तरी गढीकडं जायची त्यांना भीती वाटत होती. बुढीमायनं तर पदर तोंडात कोंबला होता.

मी बोललो. ते पुस्तक आहे, गोष्ट आहे, असं मी चारचौघांसमोर सांगितलं. सरपंच म्हणाला, “मुन्शीजी, तुमी बाहेरगावचे. बायायच्या पुस्तकात तुमाले एवढा रस काहून?” लोक हसले. त्या हसण्याचा अर्थ कळण्याइतका मी शहाणा होतो.

मग तीच पुढं आली. रात्रभर रडलेली होती, डोळे सुजलेले. म्हणाली, “पुस्तक आना. मीच वाचून दाखोतो. तुमालेच कडन गोष्ट हाय का जादू हाय.”

पुस्तक आणलं गेलं. ते मी तिच्या हाती दिलं आणि देताना हळूच म्हटलं, “छापलंय तसंच वाच. एक शब्द बदलू नको.” तिनं मान हलवली. तिला पक्कं कळलं होतं.

आणि खरोखर तिनं तसंच सुरू केलं. शाळेतली पोरं तपासणी आली म्हणजे वाचतात तसं, शब्दाला शब्द लावत, सपाट आवाजात. ‘मी त्या बालकाचा श्वास बांधला, आई, असे मी उद्गारले.’ पान झालं, दुसरं झालं. गाव ढिलं पडायला लागलं. एका म्हाताऱ्यानं जांभई दिली. कुणी म्हणालं, “अरे, हे त शाळेतल्यासारखं पुस्तक होय.” सरपंचही चुळबुळला. मागची दोन-चार माणसं धोतर झटकत उठली, शेतात पाणी सोडायचं होतं त्यांना. मी सुटकेचा श्वास टाकला. अजून एक पान, आणि सगळे आपापल्या कामाला गेले असते.

तेवढ्यात त्या उठलेल्यांपैकी एक जाता जाता म्हणाला, “एवढी तारीफ आयकली होती. लयच बेकार वाचते बाई.”

ती थांबली.

तिनं मान वर केली आणि त्या माणसाकडं पाहिलं. मी तिच्याकडं बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होतो. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलं, जिचं तोंड भावानं झाकून ठेवलं, जिच्या विड्या मी रोज छाटल्या, तिच्याजवळ जगात एकच गोष्ट बरी होती आणि तिलाच कुणीतरी सगळ्या गावासमोर बेकार म्हणालं होतं. तिनं बोट जिभेवर टेकवलं. दोन पानं मागं गेली.

“दात झाका,” ती म्हणाली. “आता रगत निंगते.”

मग तिनं वाचलं. तसं मी आधी कधी ऐकलं नाही आणि नंतरही नाही. ‘मी’ची ‘म्या’ झाली. गढी आली, तलावाची पाळ आली. उठलेली माणसं उभ्या जागी खिळली. पुस्तकातलं लेकरू तिच्या तोंडून आचके देत होतं, आणि ते लेकरू कोणाचं होतं हे सगळ्यांना दिसत होतं, कारण ती स्वतः त्याच्यासाठीच रडत होती. पुस्तक हातात होतं खरं, पण तिची नजर पुस्तकावर नव्हती. शत्रू पोरगी किंचाळते ती जागा आली तेव्हा तिला किंचाळावं लागलं नाही. समोर वहिनीच किंचाळली.

त्यानंतर पुस्तक कुणाला आठवलं नाही. ज्या बाईनं बोलून भर सकाळी सगळ्या गावाच्या अंगावर काटा आणला, तिनं एका लेकराचा श्वास बांधला नसेल कशावरून? मलाच क्षणभर तसं वाटलं, तर त्यांना काय म्हणू?

त्या भागात एक समजूत आहे. जादूवालीचे समोरचे दात पाडले की मंत्र नीट उच्चारता येत नाही, आणि उच्चार चुकला की मंत्र लागत नाही. हे काम घरच्या माणसानं करायचं असतं. लोहाराकडून सांडशी आणली आणि ती भावाच्या हातात दिली. तो नको म्हणत होता असंही लोक सांगतात. मी तिथं थांबलो नाही, सट्टेदारानं मला बखोटीला धरून कारखान्यात नेलं. पण कारखाना तलावाच्या काठी, देवळासमोरचं तिथं सगळं ऐकू येतं. पुस्तक कारखान्याच्या भट्टीत गेलं, जिथं विड्या शेकतात तिथं. पुढं कुणी चौकशीला आलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की बाई पायऱ्यांवरून पडली. विचारणाऱ्यानं चहा घेतला आणि तो निघून गेला.

मला वाटलं होतं ती गाव सोडेल. पण जाणार कुठं? दोन-अडीच आठवड्यांनी ती कारखान्यात आली. दाराजवळ बसली, पदर नाकापर्यंत ओढला, सुपडं मांडीवर घेतलं आणि विड्या वळायला लागली. संध्याकाळी तिचा माल माझ्यासमोर आला. मी एक एक विडी उचलून पाहिली. छाटायला एकही निघाली नाही. त्या दिवसापासून ती जाईपर्यंत तिच्या मालात मी कधी खोट काढू शकलो नाही. मला त्याचा फार राग यायचा.

छपरी काही दिवस मुकी होती. मग माणसाचा स्वभाव वर आला. अहो, गोष्ट अर्धी राहिली होती ना! त्या पोराचं काय झालं, पोरीनं आपलं जादूवालं कुळ सोडलं का, राख कोणाची झाली, सगळं टांगलेलं. पुस्तक जळलेलं आणि शेवट माहीत असलेलं एकच माणूस दाराजवळ बसून विड्या वळतंय. पहिली बुढीमायच सरकत सरकत तिच्याजवळ गेली.

“माय, लगन झालं का वो त्यायचं?”

तिनं पदराआडून उत्तर दिलं. दात गेल्यावर तिचे त आणि द हवेत निसटायचे, पण बोललेलं सगळ्यांना कळलं. “मंतर दातानं चालते, बुढीमाय. दात तुमच्या मरदायनं पाडले. त्यायलेच पुसा.”

नंतर प्रत्येकीनं करून पाहिलं. कुणी तिच्यासाठी वांग्याची भाजी आणली, कुणी डोक्याला तेल, कुणी धुतलेला पत्ता आधी तिच्यासमोर ठेवला. ती सगळं घ्यायची. भाजी खायची, तेल लावायची आणि एक शब्द बोलायची नाही. बाया आपसात शेवट रचायच्या आणि तिच्याकडं चोरून बघायच्या की मान हलते का. तिची मान हलायची नाही. एकदा एकीनं दात-ओठ खात म्हटलं, “सांगत नाई त नको सांगू, मस्ती आली रांडले.” ती पदराआड हसली असावी, खांदे हलले तेवढे मी पाहिले. बुढीमाय पुढच्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या दिवशी तिला भेटायला ही गेली होती. ‘मराच्या आंधी सांगतो’ असं कबूल केलेलं होतं ना. घरचे म्हणाले, बराच वेळ जवळ बसली, पाणी पाजलं, आणि उठून आली. सांगितलं की नाही ते बुढीमायलाच ठाऊक.

भावाच्या घरी ती एका छताखाली राहत होती, पण ती आणि वहिनी एकमेकींशी बोलत नसत. वहिनीला पुन्हा मूल झालं नाही.

चार-पाच वर्षांनी कामठीच्या मावसबहिणीनं तिला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी सकाळी बसथांब्यावर कारखान्यातल्या यच्चयावत बाया आल्या होत्या. निरोपाला आल्या असं कुणाला वाटेल. बस आली, ती खिडकीजवळ बसली, आणि बायांनी बसला घेराव घातला.

“सांगून जा वो माय! आता तरी सांग!”

“लगन झालं का नाई, मान त हालव!”

कंडक्टर वैतागला. आतले उतारू खिडक्यांतून बघायला लागले की कोणाच्या लग्नाची एवढी चौकशी चालली आहे. ती समोर बघत बसली होती, पदर तोंडावर.

तेवढ्यात बाया बाजूला सरकल्या. वहिनी आली होती. ती घरून धापा टाकत आली असावी, पायात चप्पल नव्हती. खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. मग त्या नाकातल्या आवाजात, अगदी हळू, तिनं विचारलं,

“बाई, त्या पुस्तकातल्या लेकराच्या गाठी... सोडल्या का वो तिनं?”

इतक्या वर्षांत त्या लेकराचं कुणीच विचारलं नव्हतं. आम्हाला त्याची आठवणही नव्हती.

तिनं वळून वहिनीकडं पाहिलं. मग तोंडावरचा पदर काढला. त्या सकाळनंतर तिचं उघडं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होतो. समोर काही नव्हतं, नुसती काळी पोकळी. तिनं खिडकीतून हात काढून वहिनीच्या गजावरच्या बोटांवर ठेवला आणि म्हणाली, “सोडल्या वो वैनी. सातई सोडल्या. पोट्टा उठून बसला.”

कंडक्टरनं घंटी मारली. बस निघाली. पुस्तकात तसं होतं की तिनं तिथल्या तिथं रचलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ती पुन्हा त्या गावात आली नाही.

वहिनी रस्त्यातच खाली बसली आणि मातीत कपाळ टेकून रडायला लागली. तिला उठवायला कुणी पुढं झालं नाही. बाया बसच्या धुळीकडं बघत हळहळत होत्या, आणि मीही हळहळत होतो, की एवढं बोलली, तर लग्नाचंही सांगून गेली असती.